आईची जीभ

२२ मे १९३२

काल संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मुंबईहून आलेल्या एका व्याख्यात्यांनी जादूचा कंदील लावून पडद्यावर चित्रे दाखवली. त्यात एक जीभ होती. इतकी मोठी, की मागच्या लोकांना ती बैलाची वाटली आणि हशा पिकला. जिभेवर पांढरा थर होता. आपण दात घासतो आणि जीभ विसरतो, मग तो मळ प्रत्येक घासाबरोबर पोटात उतरतो आणि तिथून सर्व रोग सुरू होतात, असे ते म्हणाले. जे कराल ते रोज करा आणि लिहून ठेवा, असेही म्हणाले. म्हणून ही वही.

घरी येऊन आरशात पाहिले. माझ्याही जिभेवर थर आहे.

मला झोप नीट लागली नाही. मी मराठी पाचवीपर्यंत शिकलो. वडील गेले आणि शाळा सुटली. पुढे शिकलो असतो तर ही गोष्ट मला आधीच कळली असती. आज मी बावीस वर्षांचा आहे, आणि इतकी वर्षे तो मळ गिळत आलो आहे.

२५ मे

पद्धत ठरवली. माडाचे झावळ पडले की त्यातला एक लवचीक हीर, म्हणजे पातीची मधली शीर, काढायचा, मधोमध चिरायचा आणि त्याची कड सुरीने खरवडून गुळगुळीत करायची, नाहीतर जीभ कापते. मग कमान करून दोन्ही हातांनी धरायची आणि मागून पुढे हलकेच ओढायची. आधी राखुंडीने दात, मग जीभ, मग मिठाच्या पाण्याची चूळ. हा क्रम मोडायचा नाही.

आज पहिल्यांदा ओकारी आली. आई परसात भांडी घासत होती. ती म्हणाली, “धाकू, सकाळी सकाळी काय गिळलंस?”

मी तिला सगळे सांगितले. बायकोलाही बोलावून सांगितले. चिमा मान खाली घालून ऐकत होती. आई ऐकत नव्हती.

“म्हंजे माजी जीभ मळकी हाय म्हनतोस? सगळी वाडी तर ती धारदार हाय म्हनते.”

“आये, मी आरोग्याचं बोलतोय.”

“मी पन आरोग्याचंच बोलते. ह्या जिबेनं वाडीतले किती नवरे सुधारले, जा, इचार मालनीला.”

मालनकाकू कुंपणापलीकडून म्हणाली, “माजा सुधारला. तुज्या भीतीनं मुंबईलाच ऱ्हायला.”

दोघी खूप हसल्या. मला राग आला नाही. आईचे बोलणे ऐकायला लोक पाखाडीच्या पायऱ्या चढून येतात हे खरे आहे. मुंबईहून माझा थोरला भाऊ भागोजीदादा सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस नुसता तिच्यासमोर बसून असतो.

३ जून

आज आई कबूल झाली. “घे बाबा, बघ एकदाची, आनी मला सोड,” म्हणून तिने पायरीवर बसून जीभ बाहेर काढली.

बरे झाले पाहिली. डाव्या कडेला, मागच्या बाजूला, पांढरा डाग आहे. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. बाकीचा थर हिराने निघाला, तो डाग निघाला नाही. पुन्हा ओढले तेव्हा किंचित रक्त आले. आई म्हणाली तो जुना आहे, गेल्या शिमग्यापासूनचा. कोकमाचे सार घेतले की तिथे झोंबते, म्हणून ती हल्ली सार घेत नाही.

इतका जुना मळ एका दिवसात निघणार नाही हे उघड आहे.

५ जून

विचार करता करता एक गोष्ट सुचली, आणि ती व्याख्यात्यांनाही सुचली नसेल असे वाटते. आईचे दात ह्या वयातही पक्के आहेत. त्याचे कारण मशेरी. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती रोज मशेरी लावते. सकाळी बोटाने दातांना घासते आणि एक चिमूट डाव्या गालात धरून ठेवते, कामे आटोपेपर्यंत. मशेरीने दात इतके स्वच्छ राहतात, तर जिभेने काय पाप केले? तिथे मशेरी कधी लागलीच नाही, म्हणून मळ साचला.

तेव्हा आईचा क्रम असा: हीर, मग त्या डागावर मशेरी चोळणे, मग चूळ. सकाळी आणि संध्याकाळीही.

आई म्हणाली, “संध्याकाळची पन मशेरी देतोस? मग तुजं आरोग्य मला चालंल.”

१९ जून

पाऊस चांगला लागला आहे. रावजीशेटच्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक कमी, म्हणून मी बाटल्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाहीत म्हणून ते काम माझ्याकडे आहे.

येताना बाजारातून तंबाखूची चांगली पाने आणली. मशेरी ह्यावेळी मी स्वतः भाजली. आई घाईत भाजते, काही पाने काळी आणि काही तपकिरीच राहतात. मी मंद आचेवर लोखंडी तव्यात सारखी हलवत राहिलो. धुराने चिमाला ठसका लागला आणि ती परसात जाऊन उभी राहिली. सगळी पाने सारखी काळी झाल्यावर चुरली, फडक्यातून चाळली आणि आईच्या पितळी डब्यात भरली. तो डबा तिने माहेरून आणलेला आहे, त्याला कोणी हात लावलेला तिला आवडत नाही. मला लावू दिला.

आईने चिमूट घेऊन डोळे मिटले. म्हणाली, “भागोजी गिरणीत नाव काढील, तू तव्यावर काढशील.”

१४ जुलै

डाग निघत नाही. वाढला आहे असे मला वाटते, पण रोज पाहणाऱ्याला नीट कळत नाही. मधे थोडी चीर दिसते. मी हीर जोरात ओढत असेन का? की हळू ओढतो म्हणून मळ राहतो? दोन्ही शक्य आहे. आजपासून हीर फक्त सकाळी, मशेरी मात्र दोन्ही वेळा.

२ ऑगस्ट

चिमाची दाढ दुखते. आईने तिला आपल्या हाताने डब्यातली चिमूट दिली. हा आईचा मोठेपणा आहे. सासूने सुनेला आपल्या डब्यातली मशेरी दिली म्हणजे घरात घेतले, असे आमच्याकडे बायका मानतात. मालनकाकूही बघायला आली.

चिमाने लावली आणि थोड्या वेळाने तिला गरगरले. पायरीवरच बसली, मग ओकली. आई म्हणाली, “पहिल्या दिशी सगळ्यांस्नी व्हतं. मी तर इहिरीजवळ पडले व्हते.” मालनकाकूनेही तेच सांगितले. मला वाटते चिमा अशक्त आहे. तिला रोज पेजेबरोबर थोडे तूप द्यायला हवे.

७ सप्टेंबर

गौरी आल्या. दुपारी बायका खळ्यात फुगड्यांना जमल्या. दरवर्षी पहिले गाणे आई उचलते आणि मग बाकीच्या धरतात. ह्या वर्षी सगळ्या उभ्या राहिल्या आणि आई उठली नाही.

मालनकाकू म्हणाली, “गोदे, गौर पाहुनी थांबलीय. नखरे नको.”

आई उठली. दोन ओळी म्हटल्या. तिसऱ्या ओळीत जीभ अडखळली आणि शब्द भलतेच आले. बायकांना वाटले ती मुद्दाम गंमत करते आहे, त्या हसल्या. आईही हसली. मग ती आत आली आणि चुलीजवळ बसून राहिली. बाहेर मालनकाकूने गाणे धरले होते. ते बेसूर होते, आणि आई त्यावर काहीच बोलली नाही. तेव्हा मला भीती वाटली.

मी विचारले, “आये, दुखतं का?”

ती म्हणाली, “कानात दुखतं. जिबेचं दुखनं कानात कसं जातं, ते तुज्या कंदीलवाल्याला इचार.”

२० सप्टेंबर

रावजीशेटनी चिठ्ठी दिली म्हणून आईला मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टर भले गृहस्थ वाटले. त्यांनी आईच्या मानेखाली बोटांनी चाचपले. डाव्या बाजूला एक गाठ आहे, ती मी कधी पाहिली नव्हती. माझे सगळे लक्ष जिभेवर होते.

नंतर त्यांनी मला प्रश्न विचारले. मी रात्रीच तयारी केली होती, सगळी उत्तरे नेमकी दिली.

“तंबाखू खातात का?”

“नाही साहेब.”

“पान-सुपारी?”

“कधीच नाही. लग्नकार्यातसुद्धा नाही.”

“विडी ओढतात? संकोच करू नका, पुष्कळ बायका ओढतात.”

“नाही साहेब.”

आई मधेच म्हणाली, “आमच्या घरात तंबाखू फक्त सासरा खायचा, त्याला जाऊन पंदरा वर्सं झाली. त्याच्या पिचकाऱ्या मी पुसलेल्या हायत डाक्टर, मी कशाला खाईन?”

डॉक्टर जरा हसले. मग म्हणाले, आश्चर्य आहे. दोनदा म्हणाले. मला त्यात आईचा गौरव वाटला. मी सांगितले की तोंडाच्या सफाईत आम्ही कसूर करत नाही, दात आणि जीभ दोन्ही वेळा साफ होतात. ते म्हणाले, चांगले आहे, पण आता त्या जागी काहीही खरवडू नका.

रोगाचे इंग्रजी नाव मी कागदावर लिहून घेतले. मुंबईला न्यायला हवे म्हणाले. जिभेचा अर्धा भाग काढावा लागेल, कदाचित जास्त.

परत येताना आई बैलगाडीत एकदाच बोलली. “अर्दी जीभ घेऊन मी काय करू? अर्दं बोलू?”

२१ सप्टेंबर

कागद रावजीशेटना दाखवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, “धाकू, आईला जे आवडतं ते दे.” मी विचारले, पथ्य काय? ते म्हणाले, पथ्य नाही.

पथ्य नाही, म्हणजे रोग फार मोठा नसावा असे मी दिवसभर स्वतःला सांगितले. संध्याकाळपर्यंत ते पटेनासे झाले.

आजपासून हीर बंद. डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही. मशेरी बोटाने हलकेच लावायची, त्यात खरवडणे नाही.

८ ऑक्टोबर

पावसाळा सरला, आगबोट सुरू झाली. भागोजीदादाने लिहिले आहे की आईला घेऊन ताबडतोब ये, मी इस्पितळात खाटेची सोय करतो. मी ट्रंक भरली. आईने एकेक लुगडे परत काढून दांडीवर टाकले.

“आये, चल. दादा वाट बघतोय.”

“जीब कापून घ्यायला येवढा दर्या वलांडू? हितं मोरीत बसून तूच काप, सुरी धारदार ठेवतोस.”

मी रडलो. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग जवळ येऊन बसली. “दिवाळी होऊ दे,” म्हणाली. तिचे शब्द हल्ली जाड झाले आहेत, बाहेरच्या माणसाला पुन्हा विचारावे लागते. मला अजून सगळे कळतात.

खरे लिहितो. ती नाही म्हणाली तेव्हा मला थोडे बरे वाटले. तिला धरून न्यायचे मला धैर्य नव्हते.

३१ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आईने दहीपोहे दोन घास घेतले आणि ताट सरकवले. मुंबईचे नाव मी काढले नाही, तिनेही काढले नाही.

डाग आता डाग राहिलेला नाही. तिथे खड्डा आहे.

११ डिसेंबर

मशेरीने आग होते म्हणून आई संध्याकाळची चुकवते असे आज लक्षात आले. मी पुढे केली की गालात धरल्यासारखे करते आणि मी वळलो की थुंकून टाकते. मी रागावलो. इतके महिने कष्ट केले, ते असे वाया घालवायचे? औषध लागते तिथेच झोंबते, हे दुकानात मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो.

आईने मान फिरवली. थोड्या वेळाने म्हणाली, “धाकू, मला वाटतं ती मशेरीच...” पुढचे शब्द नीट आले नाहीत. मी म्हटले, हो आये, मशेरीच बरे करील.

१५ जानेवारी १९३३

भागोजीदादा आला. आईसमोर बसला. ती बोलू शकत नाही. दोन दिवस तो तसाच बसला आणि तिसऱ्या दिवशी आगबोटीने परत गेला. बंदरावर मला म्हणाला, “तू जवळ होतास.” दोष देतो की आभार मानतो ते मला कळले नाही. मी पुष्कळ विचार केला, अजून कळत नाही.

६ फेब्रुवारी

फक्त पेजेची निवळ. तीही नाकातून येते. मी रोज सकाळी बोटाला मऊ फडके गुंडाळून, मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून तिची जीभ पुसतो. वास येतो. चिमाला सांगितले आहे की आईसमोर पदर नाकाला लावायचा नाही. ती लावत नाही. चांगली मुलगी आहे.

मी नेमाने करतो आहे. काय चुकते ते सापडत नाही.

१० मार्च

शिमगा आला. वाडीत ढोल वाजतात. आज जे झाले ते नीट लिहून ठेवतो.

आईची खाट पडवीत आहे. चिमा सकाळी परसाच्या पायरीवर बसून मशेरी लावत होती. तिला आता गरगरत नाही, सवय झाली आहे. दाढही थांबली आहे. आई तिच्याकडे पाहत होती. एकाएकी तिने खाटेवर हात आपटायला सुरुवात केली. मी धावलो. तिने बोट डब्याकडे केले, मग आपल्या तोंडात घातले, मग चिमाकडे केले, आणि हात जोरजोरात हलवला. असे तीन-चारदा केले.

मी म्हटले, “आये, मशेरी हवी? चिमाच्या हातची?”

तिने डोळे मिटले आणि उघडले. मी चिमाला डबा घेऊन बोलावले. चिमा जवळ आली तशी आईने सगळा जोर लावून डब्याला हात मारला. कुठून आला इतका जोर? डबा जांभ्याच्या पायरीवर जाऊन आपटला, त्याला पोचा पडला आणि सगळी मशेरी सांडली. मग आईने चिमाचे मनगट धरले. सोडीना.

चिमा रडायला लागली. सासूला ती आत्या म्हणते. म्हणाली, “मी लावलेली आत्यांस्नी आवडत नाय.”

मलाही तसेच वाटले. डबा आईच्या माहेरचा. ती असताना सुनेने तो आपला करावा, ह्याचे तिला लागले असणार. चिमाने काल डब्यातून विचारल्यावाचून घेतली होती. मी चिमाला सांगितले की ह्यापुढे आईच्या नजरेसमोर लावायची नाही, मागच्या बाजूला जाऊन लावायची.

मग मी मशेरी पायरीवरून गोळा केली, फडक्यातून चाळली आणि स्वच्छ झालेली पुन्हा डब्यात भरली. आईला वाईट वाटू नये म्हणून पहिली चिमूट तिला दिली. तिने ओठ घट्ट मिटले. रुसली होती. मी हळूच ओठ बाजूला करून नेहमीच्या जागी, डाव्या गालात लावली. तिच्या डोळ्यांतून पाणी आले. मी पुसले. नंतर तिने हातपाय हलवले नाहीत, शांत पडून राहिली. समाधान झाले असावे.

संध्याकाळी चिमा म्हणाली, “आत्या मला नको म्हनत व्हत्या काय?”

मी म्हटले, “नको म्हणायचं असतं तर मान हलवली असती.”

“मान हालतच नाय त्यांची, गाठीनं.”

हे खरे आहे.

२ एप्रिल

आई आज सकाळी गेली.

१९ एप्रिल

तेरावे झाले. लोक येतात आणि बसून राहतात. बोलायला कोणालाच काही येत नाही. असे प्रसंग बोलून निभावून नेणारी वाडीत एकच होती. मालनकाकू जाताना म्हणाली, “आता माज्या घोवाला सांगते, ये परत, बोलनारी गेली.” आणि ती पदराने डोळे पुसत पाखाडी उतरली.

मी सगळ्या महिन्यांचा विचार करून पाहिला. व्याख्यान ऐकायला मला उशीर झाला. तिच्या जिभेची सफाई वीस वर्षे आधी सुरू व्हायला हवी होती. मला दुसरे कारण दिसत नाही.

७ मे

चिमाची जीभ आता मी स्वतः रोज पाहतो. स्वच्छ आहे. उजव्या गालात आतून एक जागा पांढरट दिसते, तिथेच ती चिमूट धरते, म्हणजे मळ तिथे साचू लागला आहे. ह्यावेळी मी वेळेवर आहे.

चिमा म्हणाली, तिला मशेरी नको. डब्याकडे बघवत नाही म्हणाली. पण तीन दिवस सोडली तर डोके दुखले आणि चिडचीड झाली. मी तिला समजावले. आईने आपल्या हाताने दिलेली आहे, ती टाकू नये. ती म्हणाली, “द्या.”

म्हणून आज पाने आणून भाजली. मंद आच, सगळी सारखी काळी. चिमा धुरात बसून होती, तिला ठसका लागला नाही. डब्याला पडलेला पोचा आतून लाकडाने ठोकून काढला. झाकण आता पहिल्यासारखे घट्ट बसते.